कंडक्टर मागे वळून का बघतो

बसस्थानकात सकाळी जो आवाज ऐकल्यावर माणसं आपापल्या पिशव्या उचलून उभी राहतात, तो आवाज लक्षबाईंचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" या वाक्याने त्यांची ड्यूटी सुरू होते आणि त्याच वाक्याने संपते, म्हणून डेपोतल्या कुणा ड्रायव्हरने त्यांना लक्षबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. काचेच्या एका खोलीत, मायक्रोफोनसमोर त्या बसतात. नियंत्रकांचा फोन येईल तसं कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, कुठली येणारच नाही, हे सांगतात. गाडी रद्द झाल्याचं तर अशा सुरात सांगतात की भांडायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरतो. इतक्या शांत बाईच्या घरी किती शांतता असेल, असं लोकांना वाटतं. घरी त्या चांगल्याच तापट आहेत.

लक्षबाईंना जन्मापासून दिसत नाही. त्याविषयी त्यांचं फारसं काही म्हणणं नसतं. म्हणणं होतं ते दुसऱ्याने दंड धरून चालवण्याविषयी, आणि तेही त्यांनी कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, कारण दंड धरणारा माणूस म्हणजे त्यांचा नवरा. नवरा टेलर, सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. लग्न झाल्यापासून मास्तर रोज सकाळी बायकोला स्थानकावर सोडायचे, दुपारी आणायचे आणि दुकान उशिरा उघडलं म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी खायचे. वाटेत त्यांची स्वतःची घोषणा चालू असायची: "पायरी आली. इथे खड्डा. सायकल लावलीय कुणा गाढवाने. इकडे सरक." कधी कुरकुर नाही की कधी कंटाळा नाही. पंचाईत तीच होती. कुरकुर करणाऱ्याशी भांडता येतं. मास्तरांशी कशावरून भांडणार? घर बदलताना कपाट जसं जपून, धरून, कोपरे सांभाळत दारातून बाहेर काढतात, तसं आपल्याला रोज काढलं जातं, असं लक्षबाईंना वाटायचं. वाटायचं आणि त्या गप्प बसायच्या.

मग कंडक्टर आला. मार्गदर्शक कुत्र्यांच्या शाळेत तयार झालेला, पिवळसर अंगाचा आणि जबाबदार चेहऱ्याचा कुत्रा. शाळेने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण तो ठरलेल्या ठिकाणीच थांबतो, वाट मोकळी असल्याशिवाय निघत नाही आणि कुणाच्या ओळखीपाळखीला भीक घालत नाही, हे पाहून डेपोवाल्यांनी त्याला कंडक्टर करून टाकलं. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला एक ताठ दांडी होती. ती डाव्या हातात धरली की पुढचं सगळं हाताला कळायचं. कुठे वळायचं, कुठे उतार, कुठे थांबायचं. दिवसभरात घर ते स्थानक आणि स्थानक ते घर एवढ्याच वाटेवर लक्षबाईंना कुणी धरलेलं नसायचं. धरलेलं असायचं ते त्यांनी. या फरकावर त्या एक तासभर बोलू शकल्या असत्या, पण ऐकायला घरात मास्तरच होते.

पहिली काही वर्षं छान गेली. मग एका सकाळी उशीर झाला होता, आणि पाण्याच्या टाकीजवळ कंडक्टर मध्येच थांबला. त्या म्हणाल्या, "चल." तो जागचा हलला नाही. त्या वैतागून पुन्हा "चल" म्हणाल्या आणि दांडी ढकलून स्वतःच पाऊल पुढे टाकलं. समोर गटाराचं झाकण उघडं होतं. मनगट मोडलं, गुडघा फुटला. कुत्र्याची काडीइतकीही चूक नव्हती, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मास्तरांना सांगितलं, शाळेला फोन करून सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवशी एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या.

प्लास्टर निघालं, लक्षबाई कामाला लागल्या, आणि वेगळाच प्रकार सुरू झाला. कंडक्टर बिघडला. चालता चालता तो अचानक मंदावायचा. दांडी वळायची, म्हणजे मागे बघतोय. दोन पावलं नीट, की पुन्हा मागे. चौकात तर बारीक कुंईकुंई करायचा आणि रस्ता मोकळा झाला तरी निघायचा नाही. धाप लागायची. स्थानकातल्या खोलीत पोचला की मात्र टेबलाखाली आडवा होऊन घोरायचा. बाहेर गाड्यांचे ब्रेक किंचाळोत नाहीतर कुणी पेटारे आदळोत, त्याच्या कानाला पत्ता नसायचा. घरीही शहाणा. बिघाड होता तो फक्त रस्त्यावर.

शाळेतून ट्रेनरबाई आल्या. जाड तळव्याचे बूट आणि मोजकं बोलणं. त्यांनी सांगितलं, की कुत्रा एकदा शाळेतून बाहेर पडला म्हणून त्याचं शिक्षण संपत नाही. ते चालूच ठेवावं लागतं, आणि त्यातला पहिला धडा शांत राहण्याचा. घरात सतरंजीचा एक तुकडा त्याची जागा म्हणून ठरवायचा. त्यावर त्याला बसवायचं आणि त्याचा श्वास संथ होईपर्यंत आपण काही बोलायचं नाही. निघण्यापूर्वी छातीवर हात ठेवून थोडं थांबायचं. रस्त्यात तो घाबरला तर हुकुमावर हुकूम सोडायचे नाहीत, दांडी ओढायची नाही. उभं राहायचं आणि तो स्वतःहून पुढे बघेल तेव्हा शाबासकी द्यायची.

"आणि नाही जमलं तर?" लक्षबाईंनी विचारलं.

"महिन्याच्या शेवटी मी पुन्हा तुमच्याबरोबर चालून बघेन," ट्रेनरबाई म्हणाल्या. "तेव्हाही असाच असेल तर त्याला कामावर ठेवता येणार नाही. रस्त्यावर घाबरणाऱ्या कुत्र्याच्या हाती माणूस देत नाहीत. आम्ही त्याला परत नेऊ."

"आणि मला?"

"दुसरा कुत्रा मिळेपर्यंत थांबावं लागेल. बरंच थांबावं लागतं, तुम्हाला माहीत आहे."

"मी आहे ना," मास्तर मागून म्हणाले. "मी सोडत जाईन. आधी सोडतच होतो."

नवऱ्याच्या तोंडून इतकं प्रेमाचं वाक्य निघावं आणि आपल्याला घाम फुटावा, याची लक्षबाईंना लाज वाटली.

त्या दिवसापासून घराला शाळेची कळा आली. सतरंजी पसरली गेली. खाऊचे बारीक तुकडे करायचं काम मास्तरांनी मागून घेतलं आणि कपडा बेतावा तसे सगळे तुकडे एका मापाचे केले. कंडक्टर सतरंजीवर बसला की मास्तर मशीन बंद ठेवायचे, गिऱ्हाइकाला खुणेने गप्प करायचे. एक बाई ब्लाउज टाकायला आल्या आणि काही न बोलता टाकून गेल्या. लक्षबाई तर जिद्दीला पेटल्या होत्या. स्वतःचा श्वास संथ करायला शिकल्या, आवाज खाली ठेवायला शिकल्या, मुख्य म्हणजे चिडायचं नाही हे शिकल्या, आणि हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं.

घरात कंडक्टर मेणाहून मऊ. रस्त्यावर पाऊल टाकलं की पहिले पाढे पंचावन्न.

गंमत म्हणजे ट्रेनरबाई दोनदा मध्येच येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा कंडक्टर अगदी सरळ रेषेत चालला. एकदाही मान मागे वळली नाही. पाण्याच्या टाकीजवळ तर त्याने अशा सफाईने वळण घेतलं की लक्षबाईंना हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी ट्रेनरबाई नव्हत्या, आणि पुन्हा तीच कुंईकुंई.

"माझ्याबरोबर असताना चालतो, म्हणजे त्याला येतं सगळं," ट्रेनरबाई फोनवर म्हणाल्या. "तुम्ही एकट्या असताना तुमचा हात आवळला जात असेल. पडल्याची भीती दांडीतून उतरते त्याच्यात."

हे वाक्य लक्षबाईंना लागलं. आपली भीती आपण गिळली, असं त्या समजत होत्या. हात सैल ठेवायचा म्हणून त्यांनी इतका आटापिटा केला की खांदा भरून आला. स्थानकात टेबलाखाली झोपलेल्या कंडक्टरच्या कानामागे खाजवत त्या मनातल्या मनात म्हणायच्या, अरे, मीच तुला बिघडवलं. महिना सरत आला होता. मायक्रोफोनवर आवाज तसाच थंड होता, पण नियंत्रकांनी एकदा विचारलं, "बाई, बरं आहे ना?" त्या म्हणाल्या, "गाडी कुठल्या फलाटाला, तेवढं सांगा."

आणि मग एका सकाळी त्या नुकत्याच खोलीत येऊन बसल्या होत्या, तोच ते जाड तळव्याचे बूट वाजले. ट्रेनरबाई न सांगता आल्या होत्या. दार लावून घेऊन खुर्ची ओढून बसल्या.

"मी आज तुम्हाला न कळवता लांबून बघत होते," त्या म्हणाल्या. "तुमचा हात छान सैल आहे. तुमची काही चूक नाही."

लक्षबाईंना पुढचं ऐकायचा धीर नव्हता. "मग त्याची?"

"त्याचीही नाही. तुमच्या मागे एक माणूस येतो."

"कोण माणूस?"

"उंच आहे. जरा वाकून चालतो. तुम्ही थांबलात की खांबाआड उभा राहतो. कंडक्टर मागे बघतो ना, ते त्याच्याकडे." नाव घ्यायचं ट्रेनरबाईंच्या जिवावर आलं होतं. "गळ्यात मोजपट्टी आहे."

तेवढ्यात फोन वाजला. लक्षबाईंनी तो उचलला, हं हं म्हटलं, बटण दाबलं आणि प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक तीनची गाडी आज पाचवर लागेल, हे रोजच्या सुरात सांगितलं. बटण सोडलं आणि म्हणाल्या, "मास्तर?"

मास्तरच. प्लास्टर निघून बायको पुन्हा कामाला लागली त्या पहिल्या दिवसापासून, रोज, जाताना आणि येताना. बायकोच्या कानाला पाऊल कळू नये म्हणून गुडघेदुखीच्या नावाखाली त्यांनी रबरी तळव्याचे बूट घेतले होते, आणि गाड्यांच्या गोंगाटात ते मांजरपावलांनी मागे असायचे. ट्रेनरबाई बरोबर असल्या की ते निश्चिंत मनाने घरी थांबायचे. वाटेवरचा पेपरवाला, चप्पल शिवणारा, डेपोचा वॉचमन, सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. बायकोच्या कानाला त्यांनी फसवलं. कुत्र्याच्या नाकाला कसे फसवणार? कंडक्टरच्या हिशेबी घरची दोन माणसं बाहेर पडली होती आणि त्यातलं एक सारखं मागे राहत होतं. ते हरवू नये म्हणून तो बिचारा थांबून थांबून बघत होता.

"त्याला कामाची भीती नाही," ट्रेनरबाई म्हणाल्या. "त्याला कळत नाहीये, न्यायचं एकाला की दोघांना. मागे येणं थांबलं की याचं मागे बघणंही थांबेल. मला तर खात्री आहे."

लक्षबाईंचा जीव भांड्यात पडला. कंडक्टर जाणार नव्हता. हातही बिघडलेला नव्हता. त्या टेबलाखाली वाकल्या आणि त्याच्या मानेला मिठी मारून काही वेळ तशाच राहिल्या. मग हळूहळू दुसरी गोष्ट वर आली. ज्या वाटेला आपण आपली एकटीची समजत होतो, तिच्यावर रोज वरात निघत होती, आणि ती सगळ्या रस्त्याने पाहिली होती, आपण सोडून. कान तापले. शांत राहण्याचं सगळं शिक्षण त्या दुपारपर्यंत कसंबसं पुरलं.

दुपारी त्या निघाल्या. डेपोचं फाटक ओलांडलं, पेपरवाल्यापर्यंत आल्या, आणि कंडक्टरने मान मागे वळवली. लक्षबाई तिथेच थांबल्या. छातीत श्वास भरला आणि स्थानकभर पोचणाऱ्या त्या सुरात, मायक्रोफोनशिवाय, म्हणाल्या:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गळ्यात मोजपट्टी घालून मागून येणाऱ्या गृहस्थांनी ताबडतोब पुढे यावे."

पेपरवाल्याला ठसका लागला. रस्ता हसला, आणि मग एकदम गप्प झाला. रबरी तळवे पहिल्यांदाच न लपता वाजत जवळ आले. कंडक्टरची शेपटी लक्षबाईंच्या मांडीवर फटाफट आपटायला लागली. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले तसा तो दोघांच्या मधोमध बसला आणि त्याने एक लांब सुस्कारा सोडला. हरवलेलं माणूस सापडलं होतं.

"अहो, तो परत जाणार होता," लक्षबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे."

मास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढून हाताला गुंडाळली. मग म्हणाले, "तू पडलीस तेव्हा मी कॉलर कापत होतो. तुला लोकांनी उचललं, दवाखान्यात नेलं, आणि मी कॉलर कापत होतो. ते डोक्यातून जाईना."

यावर चिडायला लक्षबाईंकडे बरंच काही होतं. त्याऐवजी त्यांनी दांडी नीट धरली आणि दोघांनाही "चला" म्हटलं.

ट्रेनरबाईंनी मग महिनाअखेरची भेट आठवडाभर पुढे ढकलली आणि नवीन धडे दिले, या वेळी मास्तरांना. सकाळी निघताना मास्तरांनी मशीनपुढे बसायचं. कंडक्टरने येऊन त्यांचा हात हुंगायचा, म्हणजे हे माणूस घरीच राहतंय, याची त्याला खात्री पटेल. मग तो आणि लक्षबाई बाहेर पडणार आणि मास्तरांनी उठायचं नाही. दारापर्यंतही नाही. "श्वास संथ ठेवा," ट्रेनरबाई म्हणाल्या, आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

पहिल्या दिवशी मास्तर उठले आणि कोपऱ्यापर्यंत येऊन गेले. कंडक्टरने ते लगेच पकडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लाउजवाल्या बाईंना समोर बसवून घेतलं आणि आपल्याला उठू देऊ नका असं सांगितलं. बाई आनंदाने बसल्या. इतके दिवस गप्प राहिल्याची भरपाई करायला त्यांना हा मोका बरा मिळाला. हळूहळू कंडक्टरचं मागे बघणं कमी झालं. आधी फक्त कोपऱ्यावर, मग तेही नाही.

ठरल्या दिवशी ट्रेनरबाई रस्त्याच्या पलीकडून, लांबून बघत आल्या. लक्षबाईंच्या मागे खरोखरच रिकामा रस्ता होता आणि तो त्यांना पाठीला जाणवत होता. पाण्याच्या टाकीपाशी कंडक्टर थांबला. त्या थांबल्या. काय आहे ते विचारलं नाही, चल म्हटलं नाही. त्याने बाजूने वाट काढली, चौकात उभा राहिला, गाड्या जाऊ दिल्या आणि सरळ पलीकडे घेऊन गेला. फाटकाशी वॉचमनने ओरडून सांगितलं, "आज मागे कोणी नाही हो बाई!" लक्षबाई म्हणाल्या, "उशिरा सुचलं."

खोलीत आल्यावर ट्रेनरबाई एवढंच म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडे. पुढच्या भेटीचं मी कळवेन." बूट वाजत लांब गेले. लक्षबाई खुर्चीत बसून रडल्या, चांगल्या पोटभर. मग नाक पुसून त्यांनी दुकानात फोन लावला. घंटा पुरती वाजलीही नाही, तोच मास्तरांनी उचलला.

"पोचलो आम्ही. राहतोय तो."

पलीकडे मास्तरांचा श्वास ऐकू आला. "बरं झालं," ते म्हणाले. "फार बरं झालं." आणि मग, फोन ठेवतील असं वाटत असताना, "एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"पहिले काही दिवस मी भीतीने यायचो. नंतर भीती नव्हती. नंतर तुला बघायला यायचो." मास्तर अडखळले. "मान वर करून, दुसरा हात झुलवत, भरभर चालतेस तू. इतकी वर्षं मी तुला रोज घेऊन गेलो, पण तू अशी चालतेस हे मला माहीतच नव्हतं. मी बरोबर असायचो ना."

नियंत्रकांचा दुसरा फोन वाजत होता. लक्षबाईंनी तो वाजू दिला. जे सांगायला आयुष्यभर तोंड उघडलं नव्हतं, ते या माणसाने मागून चालत चालत स्वतःच बघून घेतलं होतं, आणि त्याला त्याचा रागही आलेला नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, "चोरून मागून कशाला बघायचं? सुट्टीच्या दिवशी बागेत जाऊ. तुम्ही समोरच्या बाकावर बसा. मी कंडक्टरला घेऊन चालत येते तुमच्याकडे."

"चालेल ट्रेनरबाईंना?"

"विचारते. पण तुम्ही जागेवरून उठायचं नाही."

"नाही उठणार," मास्तर म्हणाले. लक्षबाईंनी फोन ठेवला आणि फलाट दोनची गाडी सांगितली. ती पुन्हा सांगावी लागली, कारण पहिल्यांदा त्या बटण दाबायलाच विसरल्या होत्या.